दाजींचा ब्रश आणि चांदीचा दिवा

बॅटरीच्या ब्रशचं कौतुक मला नका सांगू, आमच्या दाजींचा ब्रश ऐका. अधिकमासात आईनं ताईला आणि दाजींना धोंड्याच्या जेवणाला नाशिकला बोलावलं होतं. दात घासून झाले की दाजी ब्रशची मुंडी काढणार, वेगळी धुणार, आत साचलेलं काळं कापसानं पुसणार आणि मग सगळं उभं करून वाळवणार. ताईनंसुद्धा त्याला हात लावायचा नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून घर्रघर्र आवाज आला, म्हणून मी डोकावलो. जावयाला द्यायचा चांदीचा दिवा आई पेस्ट लावून त्याच ब्रशनं घासत होती!

"आई, तो दाजींचा आहे!"

"मग? दिवाही त्यांनाच द्यायचाय."

तेवढ्यात बाथरूममधून हाक आली, "माझा ब्रश कुणी घेतलाय?"

ब्रशचे केस काळेकुट्ट झालेले. नळाखाली धरून मी जीव खाऊन चोळले आणि धावत नेऊन दिला. "धुवायला घेतला होता, दाजी."

दाजींनी ब्रश उजेडात धरून फिरवून पाहिला. मग दार लावलं. आत घर्रघर्र सुरू झालं आणि बाहेर मला घाम फुटला.

दुपारी आईनं वाण हातात दिलं. दाजींनी दिवा नाकाशी नेला.

"आई, दिव्याला पुदिन्याचा वास कसा येतोय?"

मी आईकडे पाहिलं. आई मात्र ढिम्म.

"दिव्याला नाही, जावईबापू. आज तुम्ही दात चांगले घासलेत."