दोष कार्डाचा की हाताचा?

समारंभाचे अध्यक्ष, आपले व्यवस्थापकसाहेब; त्यांच्या शेजारी बसलेले विक्रीप्रमुख; आज आपला निरोप घेणाऱ्या ऑपरेटरबाई, त्यांचे यजमान आणि कन्या; आणि दारापाशी ताटकळलेले गोदामातले मित्रहो, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या की!

मला इथे 'एक्स्चेंजचे डॉक्टर' म्हणतात. पदवी माझ्याकडे कसलीच नाही. कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजचं झाकण उघडून, आत डोकावून जे कळलं, तेवढीच विद्या. पण बिघाड शोधण्याची शिस्त मी स्वतःला लावून घेतली आहे. आत खाचाखाचांतून सर्किटची कार्डं बसवलेली असतात; संशयित कार्ड काढायचं, दुसऱ्या खाचेत बसवायचं. बिघाड त्याच्याबरोबर गेला, तर दोष कार्डाचा. जागेवरच राहिला, तर खाचेचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की संपलं, गुण कशानं आला ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात बाहेरून आलेले फोन मध्येच तुटू लागले. रोज नाही, अधूनमधून. बाईंनी साहेबांकडे फोन जोडून दिला, की कधी कधी पलीकडचं गिऱ्हाईक गायब! साहेब, रागावू नका, पण आपण सगळ्यांदेखत म्हणालात, "बाई, तुम्हीच कापता. लाइन सोडायची घाई फार तुम्हाला."

बाई दुपारी माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, दोष कुणाचा ते शोधून द्या. माझ्या हाताचा असला तरी सांगा. पण मी जायच्या आत सांगा."

मी बाहेरच्या लाइन्सचं कार्ड दुसऱ्या खाचेत हलवलं. बिघाड कार्डाबरोबर गेला. वा! दुसऱ्या दिवशी तो जुन्याच खाचेत, दुसऱ्या कार्डावर! तारा तपासल्या, वीजपुरवठा मोजला, सगळं ठणठणीत. आता सांगा, अशा बिघाडाला काय म्हणायचं? मी तर त्याला बरंच काही म्हणालो, ते इथे सांगण्यासारखं नाही.

शेवटी नवं कार्ड बसवलं आणि फोन तुटायचे थांबले. मी ऐटीत बाईंकडे गेलो.

"बाई, सुटलात! दोष कार्डाचा."

त्यांचा चेहरा पडलेलाच.

"भाऊ, त्याच सकाळपासून मीपण पद्धत बदलली हो. साहेब 'हॅलो' म्हणेपर्यंत लाइन सोडतच नाही मी आता."

"अहो, मला विचारायचं तरी!"

"तुम्ही कुठे मला विचारून कार्ड बदललंत?"

मी डोक्याला हात लावला. दोन गोष्टी, एकाच सकाळी! मग म्हटलं, उपाय सोपा आहे. जुनं कार्ड परत लावू, तुम्ही नव्या पद्धतीनंच फोन जोडा. तुटले, तर दोष कार्डाचा, तुमचं नाव साफ.

"आणि जे तुटतील, त्यांचं काय?" बाई म्हणाल्या. "पलीकडे खरा माणूस असतो, भाऊ. माझ्या नावासाठी कुणाचं बोलणं अर्धवट तोडायचं नाही. राहू दे."

तर मित्रहो, दोष कार्डाचा की हाताचा, हे मला आजही माहीत नाही. रात्ररात्र विचार केला, गुंता वाढतच गेला. पुराव्याशिवाय मी आजवर साध्या तारेलाही दोष दिलेला नाही. पण ज्या हाताला स्वतःच्या अब्रूसाठीसुद्धा फोन कापवत नाही, तो हात घाईनं कापेल? साहेब, आपण मान हलवलीत. ती होकाराची की नकाराची, इथून नीट कळत नाही.

ते जुनं कार्ड मी बरोबर आणलं आहे. हे पाहा, दोन तुकडे. आज सकाळी मीच पक्कड लावून मधोमध मोडलं. का मोडलं, विचाराल तर धड उत्तर देता येणार नाही. एवढं मात्र छातीठोकपणे सांगतो, कार्ड खराब आहे. कुणीही तपासून पाहावं.

बाई, लोकांचं बोलणं जपलंत, त्याबद्दल सर्वांच्या वतीनं आपले मनापासून आभार. कंपनीच्या मालाची मोडतोड झाली, शिवाय बोलताना काही वावगं तोंडून गेलं असेल, तर साहेबांनी आणि सभेनं ते पोटात घालावं. बसतो.