मखमलीची लव

— अहो, कोट घाला तर खरं, आरशात बघा, मग बोला. मागच्या वेळी एक बाही काळी नि एक राखाडी दिसत होती, मान्य आहे, मी कुठं नाही म्हणतेय? कापड एकच होतं पण. मखमलीला लव असते — हात फिरवा, खाली जाताना मऊ, वर येताना खरखरीत — सगळे तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात, एक उलटा पडला की संपलं. आणि हे मी सांगायचं कुणाला? धाकट्या बहिणीला. मी मशीनवर, कापणं नि हातशिलाई तिची, पहिल्यापासून. डोळे मिटून लव ओळखायची ती. म्हटलं, हे काय केलंस, तर म्हणते, 'ताई, कुठली बाजू वर ते आठवेना.' आठवेना म्हणे. हात फिरव की बाई, त्यात आठवायचं काय?

आळस, दुसरं काय. आधी वाटलं प्रेमबिम — तेही नाही. सकाळी कापड पसरते, खडू हातात घेते आणि बसते तशीच. जेवायची वेळ होते, खडू हातातच. विचारलं की 'सुरूच होत नाहीये.' तू काय मशीन आहेस? केस विंचरत नाही. मैत्रिणी येतात, त्यांना मीच खोटं सांगते, झोपलीय म्हणून. रेडिओ बंद करायला लावला — शब्द एकमेकांत घुसतात म्हणे. एक काम सांगा, करते. दोन सांगितली की माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी ओरडते मग. ओरडणारच ना, काम कोण करणार? परवा तर — जाऊ दे. हात उगारला मी. लागला नाही. म्हणजे, फारसा नाही. ती रडलीसुद्धा नाही हो, त्याचाच जास्त राग आला.

डॉक्टर? कशाला? ताप नाही, खोकला नाही. तुम्ही पण आमच्या मावशीसारखंच बोलायला लागलात. एकदा तिथं नेलं की वेडी म्हणून शिक्का बसतो, तो पुसायला येणार आहात का तुम्ही? काही नाही, जरा शिस्त लावली की येईल रुळावर. हा कोट बघा ना, तिनंच कापलाय, मी शेजारी उभी होते. लव एकसारखी आहे की नाही? मग? खांदा पण छान बसलाय. खिशात हात घाला बघू, खोल ठेवलेत मुद्दाम —

जात नाही? माझं कच्च्या दोऱ्याचं टाचण राहिलं असेल काढायचं, खेचा, तुटेल. तुटत नाही? कसं तुटत नाही? इकडे उजेडात या.

हे टाचण नाही. ही हातशिलाई आहे, बारीक, तिची. दुसरा खिसा? तोही? आतला पण —

काल म्हणत होती, 'ताई, लोक खिशात काहीतरी ठेवून जातात, माझ्यावर लक्ष ठेवायला.' मी म्हटलं, नाटकं पुरे, कोट पूर्ण कर.

काढा तो. नाही, आज नाही मिळणार. उद्याही नाही, जा तुम्ही. आणि — तो डॉक्टर कुठं बसतो म्हणालात? हळू सांगा. ती आत आहे.