शेखरभाऊंबद्दल काही तक्रार नाही

...आणि वर म्हणतात काय, तर ‘काही बदलणार नाही!’ अहो, हे तीन शब्द मी आता चौथ्यांदा वाचतोय, आणि तुम्हाला सांगतो, दर वेळी वाचले की मी आधी गळ्यातलं ओळखपत्र चाचपून बघतो. ज्याचं खरंच काही बदलणार नसतं त्याला कोणी असं कळवतं का? तुमच्या बायकोने कधी सकाळी उठून सांगितलंय, ‘अहो, आज काही बदलणार नाही हं’? सांगितलं तर डबा न घेता पळाल की नाही?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी शेखर. इंदिरानगरात मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस, अमोल सरांनी काढलेलं. द्राक्षाची पेटी युरोपात जायची तर तिच्यावर चिठ्ठी लागते, कुठल्या बागेतली, कधी तोडली, कोणी भरली... ती चिठ्ठी छापणारं सॉफ्टवेअर आमचं. एकोणीस वर्षं मी ते सांभाळतोय. दुसरं काही येत नाही मला! आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोण शिकवणार?

तर एक दिवस अमोल सर खालूनच पेढे घेऊन वर आले. ‘शेखर, आपल्याला पुण्याच्या कंपनीने घेतलं! काही बदलणार नाही!’ दोन महिन्यांत सर स्वतःच कॅनडाला. मग पुण्याला बंगळुरूवाल्यांनी घेतलं. काही बदलणार नाही! आमचा चहावाला गेला, मशीन आलं, त्यातून जे येतं त्याला चहा म्हणायचं असा नियम आला. आणि मग बंगळुरूसकट आम्हाला घेतलं युरोपच्या हाल्मस्टेन कंपनीने. आतापर्यंत द्राक्षं तिकडे जायची, आता चिठ्ठी छापणाराही गेला! माझ्या गळ्यातलं ओळखपत्र तीनदा बदललं, फोटो मात्र तोच, केस असलेला.

आणि ही हाल्मस्टेन साधी नाही हो! पाच वर्षांत तेवीस कंपन्या घेतल्या. फिनलंडमधली दातांच्या डॉक्टरांची, पोलंडमधली गोदामवाल्यांची, पोर्तुगालमधली बेकरीवाल्यांची... दर महिन्याला स्क्रीनवर स्वागत समारंभ. नवीन कंपनीची माणसं छोट्या छोट्या चौकोनांत बसलेली, आणि प्रत्येकाच्या तोंडावर तेच हसू, पाहुणे आल्यावर गॅस संपला की येतं तसं. मी ओळखायचो. म्हणायचो, आला बिचारा, ह्यालाही सांगितलंय, काही बदलणार नाही.

मग निकिताचा फोन आला. निकिता म्हणजे पुण्याची आमची एचआर, आवाज असा गोड की भीतीच वाटावी. ‘शेखर सऽर, सिस्टिममध्ये तुमच्या नावावर एकही तिकीट नाहीये?’ तिकीट म्हणजे ग्राहकाने नोंदवलेली तक्रार. ‘चार वर्षांत शून्य?’ मी छाती फुगवून म्हटलं, हो, शून्य!  मग ती हळूच, ‘सर... मग तुम्ही नेमकं करता काय?’

काय सांगू हो तिला? आमच्याकडे तक्रार नोंदवतात का कधी? आमच्याकडे फोन येतो! दिंडोरीकडच्या कुसाबाई, साठीच्या, पन्नास बायका हाताखाली घेऊन द्राक्षं पेट्यांत भरायचं पॅकहाऊस चालवतात, त्यांचा फोन. ‘शेखर, चिठ्ठी निघंना, ये लवकर!’ की मी गाडीला किक मारून हजर. बघतो तर काय, प्रिंटरमध्ये मुंग्या! द्राक्षाच्या गोड हातांनी बटणं दाबल्यावर दुसरं काय होणार? मी खिशातला जुना टूथब्रश काढतो, घासतो, मुंग्या झटकतो, चिठ्ठी सुरू! आता हे तिकीट कुठल्या रकान्यात टाकायचं? सर्व्हर आहे, नेटवर्क आहे, पासवर्ड आहे, मुंग्या नाहीत! म्हणून मीच सगळ्यांना शिकवलेलं, तिकीट-बिकीट सोडा, मला फोन करा. स्वतःच्या पायावर स्वतःच्या हाताने धोंडा, दुसरं काय!

वर निकिता म्हणाली, ‘पुढच्या आठवड्यात हेन्रिक येतायत नाशिकला.’ हेन्रिक म्हणजे हाल्मस्टेनचा माणूस. जिथे जातो तिथलं ऑफिस आठवड्यात बंद होतं म्हणे. ‘पण घाबरू नका सर, काही बदलणार नाही.’

घाबरू नका? तडक घरचा रस्ता धरला! बायको, आमची उज्ज्वला, म्हणते, ‘अहो, चेहरा का असा?’ सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मग लोकांना सांगा ना तक्रार करायला! त्यात काय!’

पहिला फोन कुसाबाईंना. म्हटलं, बाई, माझी एक तक्रार करा. त्या कडाडल्याच! ‘तुझी तक्रार? म्या? आरं, आमच्या नातवाच्या बारशाला पाळण्याची दोरी बांधली तू! तुझ्या पोटावर पाय देऊ व्हय मी?’ अहो, माझ्या पोटासाठीच तर! अर्धा तास समजावलं. शेवटी कशाबशा म्हणाल्या, ‘बरं, लिहिते. सगळ्यांना सांगते लिहायला.’ मी देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सिस्टिम उघडली... तीनशे बारा तक्रारी! आनंदाने उडी मारणार, तेवढ्यात पहिली वाचली. ‘शेखरभाऊंबद्दल काही तक्रार नाही.’ दुसरी वाचली. ‘शेखरभाऊ चांगले आहेत, तक्रार नाही.’ तिसरी, ‘तक्रार नाही, जेवायला या.’ तीनशे बारा! सगळ्या लाल रंगात, सगळ्या माझ्या नावावर!  शून्य होतं तेच बरं होतं हो!

आणि हेन्रिक आला. सहा फूट चार इंच, दारात वाकून आत. गोरापान, पण डोळ्यांखाली काळं, झोप नसल्यासारखं. लॅपटॉप उघडला. यंत्राकडून भाषांतर करून घेऊन एक-एक तक्रार वाचतोय. तासाभराने मान वर केली. ‘मिस्टर शेखर, ह्या कुसाबाई कोण? ह्यांनी अकरा वेळा तक्रार केलीय की तक्रार नाही.’

मी सरळ खरं सांगून टाकलं. मुंग्या सांगितल्या, टूथब्रश काढून दाखवला. त्याने ब्रश हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘मी हे ऑफिस बंद करायला आलो होतो. पण नियम आहे. ग्राहकांच्या तक्रारी बाकी असतील तो विभाग बंद करता येत नाही. आणि ग्राहकाने स्वतः “समाधान झाले” हे बटण दाबल्याशिवाय तक्रार मिटत नाही.’ असं म्हणून त्याने लॅपटॉप हळूच मिटला आणि मशीनचा चहा सोडून खालच्या दुकानातली लस्सी मागवली.

तेव्हापासून माझं काम काय? गावोगाव फिरायचं आणि हात जोडायचे, ‘बाई, कृपा करा, समाधान दाबू नका!’ कुसाबाई म्हणतात, ‘आरं पण समाधान तर हाय!’ असू द्या की मनात, दाबू नका! एकोणीस वर्षं लोकांची अडचण मिटवून पोट भरलं, आता ती न मिटवून भरतोय. प्रिंटर चालू करून देतो आणि सिस्टिममध्ये तो बंदच ठेवतो.

जरा श्वास घेतला, तर ह्या शुक्रवारी मेल. हाल्मस्टेनलाच कोणीतरी घेतलं! तेवीस कंपन्या गिळून बसलेली, तिलाच! खाली ते तीन शब्द. मी वाचत होतो तेवढ्यात माझ्या मोबाइलवर फोन. सिस्टिमवर नाही, मोबाइलवर, आपल्या नाशिकच्या पद्धतीने. हेन्रिक!  ‘शेखर... माझ्या नावावर एकही तिकीट नाहीये. सोमवारी माझ्याकडे त्यांचा माणूस येतोय. विचारेल, तुम्ही नेमकं करता काय. मी काय सांगू?’

 म्हटलं, घाबरू नका साहेब, बघतो. आणि काय करणार, लावला फोन कुसाबाईंना. म्हटलं, बाई, अजून एका माणसाची तक्रार नोंदवायचीय.

‘कोणाची रं?’

आपल्या हेन्रिकभाऊंची, तुमचं पॅकहाऊस बघायला आणले होते ना, ते.

‘तो उंचाडा व्हय? लिहिते की. पोरगा चांगला हाय, तक्रार नाय.’