डावा खांदा

कॅसेट न्यायलाच आलात ना, नागनाथराव? मग उभे का? बसा. चहा होतोय. एका कॅसेटसाठी परभणीहून पूर्णेपर्यंत आगगाडीनं यायचं, म्हणजे व्हिडिओच्या धंद्यालाही चिकाटी लागते म्हणायची. हो, मार्गशीर्षात नेली आणि आता श्रावण चालू आहे, आठ महिने झाले, मला मोजता येतात, छत्तीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. दोन दिवसांच्या बोलीवर नेलेली वस्तू आठ महिने ठेवणं हा दोष आहे. दोष मान्य. पण कारण होतं. मारुतीच्या तालमीचा मी वस्ताद — मुलांना दाखवायची होती. खरी कुस्ती कोणती आणि तिकीट लावून केलेलं सोंग कोणतं, हे त्यांना डोळ्यांनी कळावं, एवढाच हेतू. — किती मुलांना दाखवली? एकालाही नाही. व्हीसीआर? तो नांदेडहून आणला, जुनाच आहे. कीर्तनं पाहायला. — खरंय तुमचं, कीर्तनाची कॅसेट घरात नाही. आमच्या सूनबाई, कोकिळा, त्याही हेच म्हणतात.

आता आलाच आहात तर खात्री करून घ्या, चालते की नाही. बघा — लागली. पंच्याऐंशीचा डिसेंबर. हे आमचं रेल्वेचं मैदान, ही कनात, हा जनरेटर. नामांतराच्या बंदमुळं खेळ दोन दिवस पुढं गेला, म्हणून गर्दी दुप्पट. तुमच्याच दुकानानं हे चित्रण केलं होतं, लग्नाचं करता तसं. म्हणून तर सुरुवातीला फुलं उडतात आणि गणपती येतो. आता दोर ओढलेलं ते लाकडी रिंगण दिसेल — दिसलं? आम्ही मातीतली माणसं. आम्हाला ते बाजेसारखं वाटलं. आणि हा आला, रशियाचा दैत्य. सहा फूट चार इंच. रशियाचा कसला, निजामाबादचा राजय्या. तालमीशेजारच्या खोलीत कंपनी उतरली होती, आठ दिवस हा माझ्याकडं ज्वारीची भाकरी खायचा आणि म्हणायचा, "वस्ताद, ठेचा जरा और देव." रिंगणात मात्र मराठी कळत नाही असं दाखवायचा. आता खुर्ची येईल — आली. आता तो पंचाची पाठ वळायची वाट बघेल — वळली. आता पाठीत — हां! आता हा दुसरा मेल्यासारखा पडेल आणि एक पाय हलवेल. हलवला. — मी हसलो नाही. ठसका लागला.

खोटं आहे, यात वाद नाही. मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. पण एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. तो राजय्या पहाटे चारला उठून आमच्या मुलांबरोबर पाचशे बैठका मारायचा. पडायचं कसं, हे त्यानं मुलांना शिकवलं. रात्री मैदानात ज्याचा गळा दाबायचा, त्याच्याच पाठीला सकाळी तेल चोळून द्यायचा. त्या आठ दिवसांत तालमीत जेवढी माणसं आली, तेवढी पुढं कधी आली नाहीत. आता तर मुलं येतच नाहीत म्हणा, घरोघर डिशवर परदेशी पैलवान आलेत, दंडाला तेल आणि तोंडात शिव्या. ते नाही मला बघवत. हे बघवतं. — रोज? रोज नाही. एकादशीला नाही.

थांबा, पुढचं पळवू नका. ही शेवटची कुस्ती. हा निळ्या चड्डीतला चंद्रभान. आमच्या तालमीचा, माझ्या हाताखाली दहा वर्षं तयार झालेला. घरचे दरसाल दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, त्या साली मी त्याला जाऊ दिलं नव्हतं. समोर काळा मुखवटा. ठरलं काय होतं, ते कंपनीच्या मॅनेजरनं माझ्यादेखत सांगितलं होतं — चंद्रभान तीनदा पडेल, तीनदा उठेल, चौथ्यांदा मुखवट्याला डोक्यावर उचलेल, आणि पूर्णेचा पैलवान जिंकेल. पांढऱ्या कपड्यांत तो पंच दिसतोय ना? तो मी. — मग काय करणार होतो? मुलावर लक्ष ठेवायला जवळचं माणूस हवं, असा विचार केला. माणूस चुकीच्या जागी उभा राहण्याआधी नेहमी चांगला विचार करतो.

बघा, उचललं, आपटलं. पहिलं पडणं. आणि हा मी गुडघ्यावर बसलो, आणि हा उठलो, आणि मुखवट्याचा हात वर केला. झालं. चाळीस सेकंद. त्यांच्या खेळात पडल्यावर तीन मोजायचे असतात, त्याआधी उठलं की लढत चालू राहते. मातीत तसं नाही. मातीत पाठ लागली की कुस्ती संपली. मी मातीचा पंच, मी मातीचा निकाल दिला — असं मी सगळ्यांना सांगितलं. आणि गंमत बघा, लोकांनी तक्रार केली नाही. तीन हजार माणूस जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेलं. हलगीवाल्यानं शेवटचा ठेका दिला, म्हातारे म्हणाले, "पाठ लागली, चला," आणि टोप्या झटकून उठले. तो मॅनेजर ओरडतोय बघा — "अरे बैठो! अभी मुकाबला बाकी है!" कोण बसतंय? मुखवटा बिचारा जिंकून गोंधळला. चंद्रभान अजून तसाच पडलाय. दोनच्या आकड्याला उठायचं म्हणून तयार, आणि आकडाच नाही.

— मशीन बिघडलं नाही. तिथं पट्टीच झिजली आहे. हो, तिथंच झिजली. बाकी कॅसेट नव्यासारखी आहे. मागं नेऊन थांबवायची, पुन्हा मागं न्यायची — झिजणारच. नुकसान माझ्याकडं. काय बघत होतो? काही नाही. तो चहा घ्या. — बरं, बघायचंच असेल तर पडद्याजवळ या. रेघा सोडून बघा. हा त्याचा उजवा खांदा, टेकलाय. हा डावा. डाव्या खांद्याखाली फळीची कड दिसते का? दिसते ना? चार बोटं अंतर आहे. दोन्ही खांदे टेकल्याशिवाय पाठ लागली असं म्हणता येत नाही. हा नियम मी शेकडो मुलांना शिकवला.

चूक? चूक म्हणता तुम्ही, भले गृहस्थ आहात. मी गुडघ्यावर होतो, त्या खांद्यापासून हातभर. मला दिसलं होतं.

आदल्या दिवशी मॅनेजर म्हणाला होता, "लडका हमको दे दो वस्ताद, नांदेड, निजामाबाद, हैदराबाद — नाम हो जाएगा." चंद्रभानाचा चेहरा बघितला मी तेव्हा. त्याची पेटी भरून तयार होती. तालमीला एकच असा पैलवान मिळाला होता, आणि त्यानं माझ्या मातीचं नाव सोडून दोरांच्या बाजेवर उड्या माराव्यात? मी त्याला पापातून वाचवतोय असं स्वतःला सांगितलं. त्या खोट्या खेळात बाकी सगळे ठरल्या शब्दाला जागले, नागनाथराव. राजय्या जागला, मुखवटा जागला. खोटं फक्त पंच बोलला.

कंपनी गेली. चंद्रभान राहिला, पण तालमीला राहिला नाही. गावानं त्याला 'चाळीस सेकंद' म्हणायला सुरुवात केली. हॉटेलात बसला की कुणीतरी घड्याळ बघायचं. पुढच्या दिवाळीला तो टोळीबरोबर गेला आणि तेव्हापासून दर साली कोयता आहे. नागपंचमीला मात्र येऊन माझ्या पाया पडायचा. दर साली. ते मला सहन व्हायचं, हे लक्षात घ्या.

मग ही कॅसेट हाती आली. वैशाखात तो उसावरून परतला, तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई बायनाबाई "वस्ताद आले, वस्ताद आले" करत वाकळ अंथरायला लागली. मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं. तो म्हणाला, "ठावं हाय की. खांदा माजा होता वस्ताद, मला कळलं न्हाई व्हय?" मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस? म्हणाला, "वस्तादानं हात वर केला की बोलायचं न्हाई. तुमीच शिकिवलं." आणि बायनाबाईनं ती वाकळ घडी करून परत ठेवली. म्हणाली, "आन् आमी आठ वर्सं आमच्याच लेकराला कच्चं म्हणायलो."

आमच्या तालमीत ठरवून खोटी कुस्ती करणाऱ्याला शिक्षा आहे. माती कपाळाला लावायची, बाहेर पडायचं, पुन्हा आत पाय ठेवायचा नाही. दोन मुलांना ती मीच दिली. पंचासाठी नियम केलेला नव्हता, पंच खोटं बोलेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. या नागपंचमीला सगळ्यांसमोर सांगितलं. चंद्रभान मागं उभा होता. सूर्यभान म्हणून माझा दुसरा एक चेला आहे, आता मुलांना शिकवतो, तो म्हणाला, "जाऊ द्या वस्ताद, लय दिस झाले." मी म्हणालो, त्या दोघांना मी जाऊ द्या म्हणालो नव्हतो. माती लावली. चपला घातल्या.

घ्या, ही कॅसेट. कुणी मागितली तर नाही म्हणू नका, शेवटची कुस्ती आवर्जून दाखवा. — तेवढा राजय्याचा भाग एकदा पुन्हा — नको. काढली आहे, राहू द्या. काय म्हणालात? गाडीला वेळ आहे, मारुतीचं दर्शन घेऊन जाऊ, तुम्हीही चला? तुम्ही जा. सरळ गेलात की डाव्या हाताला. गाभाऱ्याला वाट तालमीतूनच आहे, दुसरी नाही. एकतीस वर्षं तिथला पहाटेचा दिवा मी लावला. आता रस्त्यावरून हात जोडतो. तिथून देव दिसत नाही.

उठा.