कुलूप असलेली अकरा घरे

कार्यक्रमाच्या अध्यक्षा सरपंच वैजयंतीताई, व्यासपीठावरील डॉक्टर काव्या मॅडम, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या विजयमाला सिस्टर आणि दुधनी परिसरातून आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

आज शनिवार, ३१ जानेवारी २०२६. सकाळी सव्वासात वाजता मी उपकेंद्रात ताप-खोकल्याचा तक्ता भरत होतो. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "नंदीश, भाषणात ती तुरीची गोष्ट काढू नको." मी मान हलवली. तरीही काढतो आहे. त्यांनी खुशाल रागवावे.

मी उपकेंद्रातला मदतनीस, नववीपर्यंत शिकलेला. अक्षर बरे, म्हणून सिस्टरांनी रजिस्टर माझ्याकडे दिले. फ्लूची साथ कुठे उठते आहे हे वेळेत कळावे, म्हणून थंडीत दर बुधवारी घरोघर जाऊन ताप-खोकल्याचे रुग्ण मोजायचे. तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, तुरीची रास, म्हणजे मळणी, चालू होती; माणसे शेतात. अकरा घरांना कुलूप. मला मोकळा रकाना बघवत नाही. मी अकरा शून्ये घातली. चांगली गोल घातली.

सिस्टरांनी तक्ता पाहिला. "रुद्रप्पाच्या घरी कोण भेटलं रे तुला?"

"कुलूप होतं, सिस्टर."

"मग कुलपाला विचारलंस व्हय, ताप हाय का म्हणून?"

दुसरे कोणी असते, तर मेमोच दिला असता. सिस्टरांनी पायात चप्पल सरकवली आणि मला घेऊन शेते गाठली. चौथ्या शेतात रुद्रप्पांची सून गुरम्माताई तुरीच्या ढिगाआड गोधडीत पडलेल्या. सातवा महिना, तीन दिवसांचा ताप, धाप लागलेली.

"थंडी बाधली, दुसरं काय न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी वाद घातला नाही, फोन लावला. तासाभरात रुग्णवाहिका सोलापूरला निघाली. तपासणीत फ्लू निघाला. नऊ दिवसांनी ताई बऱ्या होऊन घरी आल्या. ते बाळ आता अंगणवाडीत दंगा करते.

आणि सिस्टरांनी घरच्यांना काय सांगितले असेल? "नंदीशनं बंद घरांची यादी काढली, म्हणून आमी आलो."

तेव्हापासून दर संक्रांतीला त्या घरून मला शेंगापोळी येते. खरे सांगायला निघालो की सिस्टर म्हणतात, "खा की गप. आता नीट लिहितोस न्हवं?"

गुरम्माताई, तुम्ही समोरच बसला आहात. तुमच्या घरात कोणी आजारी नाही, असे मी लिहिले होते. तुम्हाला शोधले ते सिस्टरांनी. पुढची पोळी त्यांच्याकडे पाठवावी.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सांभाळून घ्यावे. त्या अकरा घरांची माफी मात्र मी दारात येऊन मागेन.