डाव्या पायाचा ब्रेक

आमचे अब्बा मूर्तिजापूरले कापसाच्या जिनिंगमदी फिटर होते, अन् जिनिंगच्या शेठकडं एक इटलीची मोटारसायकल होती, हलकी, बारकी, लाल टाकीची, हँडल इतकं खाली का मानसाचं पोट टाकीवरच टेकते. शर्यतीत पयवायचीच गाडी ते, अख्ख्या वऱ्हाडात तसली दुसरी नसन, काय सांगू तुमाले. पार्ट कुठीच भेटत नव्हते, अब्बा अकोल्याच्या लेथवर बुश बनवून आनत. मंग कापसाचे वाईट वर्सं आले, जिनिंग बंद पडली, शेठ सामान बांधून निंगाले, जातानी म्हनले, मिस्त्री, ही तुमच्याच हाताची हाय, ठेवून घ्या. अब्बा गेल्यावर ती माह्या ग्यारेजात आली.

आता तिचं एक हाय भाऊ. गियर उजव्या पायात अन् ब्रेक डाव्या पायात, आताच्या गाड्याईच्या उलटं. म्हनून अब्बाचा नेम होता, चाबी देयाच्या आधी मानसाच्या डाव्या पायावर थाप मारायची, ब्रेक इथं, अन् त्याच्या तोंडून बोलवून घ्यायचं. शेठच्या जावयालेई सोडलं नाई त्याईनं.

माहा लहाना भाऊ सलीम, तोई जिनिंगमदीच होता, ते बंद पडल्यापासून घरी बसून. त्या दिवशी अकोल्याच्या तेलमिलमदी त्याले कामासाठी बोलावलं, अन् बस हुकली. म्हने भाईजान, गाडी दे. मी फवारनीच्या पंपात हात घालून बसलो होतो, चार लोकं डोक्यावर उभे. मी मान वर न करता म्हनलो, घेऊन जाय. थाप मारली नाई. रस्त्यात बैलगाडी आडवी आली, त्यानं सवयीनं उजवा पाय दाबला, गाडी कायले थांबते. तोच पाय गुडघ्यातून कापावा लागला.

दवाखान्यात अम्मीनं इचारलं, सांगतलं होतं ना त्याले? मी म्हनलो, सांगतलं, तोच इसरला. खोटं बोललो भाऊ मी, सख्ख्या मायजवय. सलीम तिथंच डोये मिटून पडला होता, मले वाटलं बेहोश हाय.

आता तो रोज इथंच स्टुलावर बसून कार्बोरेटर साफ करते, हात अब्बावानी. पाय कसा गेला इचारलं का हासते, म्हनते, भाईजाननं सांगतलं होतं, मीच इसरलो. पन तवा माह्याकडं पाहात नाई. इतके वर्सं मले तोंड उघडता आलं नाई, गुन्हेगार हाय मी त्याचा. अल्ला त्याले सलामत ठेवो. घरी जेवाले गेला हाय, येईनच तो आता. तुमी हे जे लिवून रायले ना, ते त्याले वाचून दाखवा. मी इथंच बसतो, उठून जात नाई.