भद्द आवाज

गडचिरोलीच्या दवाखान्यात नूरीचा नंबर लागायला अजून अवकाश होता. तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून एक म्हातारा धापा टाकत आला आणि तिच्याच बाकावर, आपल्या बायकोशेजारी टेकला.

"काय म्हणलं डॉक्टरनं?"

"रिपोर्ट उद्या भेटन म्हणते. मले त आजच समजलं."

"ते कसं?"

"छातीवर बोटं ठोकून पाह्यलं न त्यानं. माहा जनम गेला लाकडाच्या डेपोत, कुऱ्हाडीचा तुंबा, म्हंजे मागची बोथट बाजू, मारून सागवान पारखण्यात. चांगलं लाकूड खणकते, आतून सडलेलं भद्द बोलते."

"मंग?"

"उजवीकडे खणकलं. डावीकडे भद्द."

"माणूस का लाकूड हाय?"

"आवाज थोच हाय, ठमे."

नूरीने हातातली चिठ्ठी घट्ट धरत म्हाताऱ्याला विचारलं,

"अन् सडकं निंगालं त काय करता तुमी त्याचं?"

"काय करन? सडका भाग कापून टाकतो. बाकीचं कामी येते."

"काऊन खोटं बोलता? डेपोतलं सडकं लाकूड तुमी घरीच आनत होते. चुलीत मीच त लावत होती."